सतरंजीबाहेरची रांग

"अगं, तंबूत काय स्वतःची भजी तळतेयस? बाहेर ये!" नलिनी ओरडली.

"कपडे बदलतेय," प्रेमाने आतून थाप मारली.

कपडेबिपडे काही नव्हते. बोरिवलीच्या जंगलात, मे महिन्याच्या भर दुपारी, तंबूचा पडदा ओढून प्रेमा मोजा बदलत होती. शाळेत असताना तिचा डावा पाय बसखाली गेला होता. गुडघ्याखाली जेवढा उरला होता त्यावर जाड सुती मोजा, मग ॲल्युमिनियमची नळी आणि खाली बूट घातलेलं रबरी पाऊल. अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंख्याखाली बसून ट्रंककॉल जोडताना हा पाय गुणी बाळासारखा वागायचा. इथे मात्र नळी तव्यासारखी तापली होती, मोजा घामाने चिंब झाला होता आणि कातडीवर लाल चट्टा उठला होता. फोड आला की पंधरा दिवस कुबड्या, हे तिला पाठ होतं.

एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींचा हा दोन दिवसांचा कॅम्प. आई नको म्हणत असताना प्रेमा हट्टाने आली होती, कारण एकदा तरी तिला उघड्यावर, चांदण्यात झोपायचं होतं. उपाय तिला ठाऊक होता. पाय काढायचा, सावलीत बसायचं, वारा लागू द्यायचा. पण चारचौघींत? पाय नकली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पाहिला मात्र कोणीच नव्हता, अगदी जिवलग नलिनीनेही. हळदीकुंकवाला बायकांच्या चपला दाराबाहेर निघायच्या आणि प्रेमा बुटासकट दाराजवळच्या खुर्चीत बसायची. चपलांच्या त्या रांगेचा तिला फार हेवा वाटायचा.

आत जीव घाबरा झाला तशी ती बाहेर आली.

"लंगडतेयस! वाट लागली ना?" नलिनी म्हणाली. "दूधवाल्याची गाडी आत्ता परत जातेय, घरी जा तिच्यातून. हट्ट नको करू ना."

"मी नाही जाणार."

आंब्याखाली सतरंजी अंथरली होती. एक्स्चेंजचे शिपाई धाकूमामा सोलकढीचं पातेलं ढवळत होते. "चपला भायर काडा गो!" सवयीने ते ओरडले, प्रेमाला पाहून त्यांनी जीभ चावली. "तू ऱ्हवांदे गो बाय. तुका खुर्ची हाडलंय मी."

लोखंडी घडीची खुर्ची! एवढ्या चढावर म्हाताऱ्याने ती खांद्यावरून आणली होती. प्रेमाला भरून आलं, आणि रागही आला, स्वतःचाच.

"नको मामा."

ती सतरंजीच्या कडेला बसली. उजवा बूट काढला. मग पट्टा सोडला, डावा पाय बुटासकट ओढून काढला आणि रांगेच्या शेवटी ठेवला. बायका वळून बघू लागल्या. उघड्या कातडीला वारा लागला आणि तिला इतकं बरं वाटलं, की कोण बघतंय याचा विसरच पडला.

नलिनीने पंचा माठातल्या पाण्याने भिजवून, पिळून तिच्या गुडघ्यावर टाकला. "इतकी वर्षं बोलली नाहीस, गाढवे!"

"तू कधी विचारलंस?"

दोघी हसायला लागल्या. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. कोणीच उठलं नाही. गाडी निघून गेली.

जेवता जेवता ऊन सरकून चपलांवर आलं. धाकूमामा उठले आणि एकेक जोड सावलीत लावू लागले. शेवटी त्यांनी प्रेमाचा पाय दोन्ही हातांनी उचलला, बुटावरची धूळ उपरण्याने झटकली आणि तो तिच्या दुसऱ्या बुटाला लावून, नलिनीच्या चपलांशेजारी ठेवला.

प्रेमाने पाहिलं. तोंडात घास होता, म्हणून तिने सोलकढीसाठी नुसती वाटी त्यांच्यापुढे केली.