उत्तराऐवजी चंदा

"उत्तर? कुनाचं उत्तर?" ग्यानबानं बाजेवरून विचारलं.

"उत्तर न्हाई हो, उत्तरा. पोरीचं नाव हाय," केवळाबाई म्हणाली.

"आन् ते श्रीनिधी?"

"तिचा बाप."

"मला तर दोघी बी बायाच वाटायल्यात. ठेव ते पुस्तक."

केवळाबाई सेलूच्या एका वाचनालयात झाडलोट करायची. सातवी शिकलेली होती, म्हणून ग्रंथपाल पद्मजाताई तिला अधूनमधून कादंबरी घरी नेऊ द्यायच्या. सहा महिन्यांपूर्वी ग्यानबाला लकवा झाला, उजवी बाजू लुळी पडली, मेंढरं विकावी लागली. चाळीस वर्षं रानोमाळ हिंडलेला माणूस आता दिवसभर वरच्या पत्र्याकडं बघत पडायचा. त्याचा जीव रमावा म्हणून तिनं दुपारी वाचून दाखवायला सुरुवात केली होती. गोष्ट चांगली होती. बापाशी भांडून नर्स व्हायला शहरात गेलेली मुलगी. पण ग्यानबा नावांशीच अडायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं नावं बदलायचं ठरवलं. बापाचा रामहरी केला. मुलीच्या नावाशी आली आणि तोंडातून निघून गेलं, "चंदा."

तिनं बोट त्या ओळीवरच दाबून धरलं. चंदा त्यांची लेक. अकरा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून ग्यानबानं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. केवळाबाई वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसून लेकीशी फोनवर बोलायची, तेही चोरून.

ग्यानबा पत्र्याकडंच बघत होता. तसाच म्हणाला, "फुडं?"

मग रोजच जेवताना तो विचारू लागला, "चंदा पास झाली का?" हा पुस्तकातल्या चंदाबद्दल विचारतोय की आपल्या, केवळाबाईला कळेना. लकव्यात माणसाचा कधी कधी घोळ होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. चंदा पास झाली तेव्हा तो अर्ध्या तोंडानं हसला. रामहरीनं तिला दारातूनच परत धाडलं, तेव्हा म्हणाला, "लय आडमुठा हाय ह्यो." केवळाबाईनं हळूच त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काहीच वाचता आलं नाही.

तिचाही घोळ होऊ लागला. एकदा फोनवर तिनं लेकीला विचारलं, "परीक्षा कशी गेली गं?"

"कसली परीक्षा, आई?" चंदा म्हणाली.

तिनं पद्मजाताईंना गाठलं. "ताई, नाव बदललं की गोष्ट बदलती का हो?"

"नाही गं. उत्तरा म्हण नाहीतर आणखी काही म्हण, घडायचं ते घडतंच."

"उत्तरा होती तवर मला काईच वाटत नव्हतं. आता तिला ठेच लागली तरी माज्याच जिवाला घोर लागायलाय."

पद्मजाताई हसल्या. मग तिच्याकडं बघून त्यांनी हसू आवरलं.

शेवटचं प्रकरण आलं. नर्स झालेली ती मुलगी तापानं दवाखान्यात पडली होती. केवळाबाईची नजर पुढच्या ओळीवर गेली. चंदा हे नाव घेऊन ती ओळ तिला वाचवेना.

"उत्तरा गेली," तिनं वाचलं.

"ही कोन उत्तरा?"

"हाय एक. दवाखान्यातलीच."

"मग चंदा?"

"चंदा हाय की. बरी हाय."

"कुठं?"

तो कोणती चंदा विचारत होता, तिला समजलं नाही. पुस्तकाची दीड पानं उरली होती. तिनं ते मिटून मांडीवर ठेवलं.

"पुन्याला," ती म्हणाली. "दोन खोल्या हायेत. नवरा चांगला हाय. एक पोरगा हाय, नऊ वर्षांचा."

आता हा ओरडेल, म्हणून तिनं पदर घट्ट धरला. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. ग्यानबानं मान तिच्याकडं वळवली.

"नाव काय पोराचं?"

"सिद्धोधन."

त्यानं डाव्या हातानं ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. "सिद्..." जीभ अडखळली. त्यानं दम घेतला आणि नाव पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.