टर्कीचा कौल

रविवारी सकाळी सातच्या सुमारास पाईन लिक गावच्या कुरणात चाळीसएक पिकअप गाड्या लागल्या होत्या आणि दीडशे माणसं एका मेलेल्या टर्की पक्ष्याकडे डोळे लावून बसली होती. टर्की पेंढा भरलेला होता, रानाच्या कडेला तोडलेल्या ओकच्या बुंध्यावर उभा होता, आणि तो देवाचा निरोप्या होता. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना दिसत होत्या. तिसरी धर्मोपदेशक ब्रदर लायल प्रूइट यांनी सांगितली होती.

"बंधूंनो, भगिनींनो! माझ्या आजोबांनी हा नर टिपला, त्या दिवसापासून यानं दाणा खाल्ला नाही की पाणी प्यायलं नाही. पण देवाची आज्ञा? एकदाही मोडली नाही!"

मेलेल्या टर्कीनं दाणा न खाणं हा चमत्कार असेल, तर वर्ना हॉब्सच्या फ्रीजरमध्ये तीन संत होते.

वर्नानं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. आता ती टर्कीला बोलवायच्या लाकडी डब्या बनवायची. झाकण कडेवर घासलं की हुबेहूब मादीचा आवाज निघे आणि नर धावत येई. पण आज तिचं लक्ष शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे होतं. एल्डनचे ओठ सुकले होते. पाण्याचा दुसरा जग त्यानं रिकामा केला होता.

गुरुवारी ब्रदरनी पक्ष्याला विचारलं होतं, एल्डननं इन्सुलिन घ्यावं का? पिसारा उघडला तर हो, पाठ फिरवली तर नाही. पक्ष्यानं पाठ फिरवली. तेव्हापासून सुया पडून होत्या.

"एल्डन, ऊठ. दवाखान्यात चल."

"ताई, आज पुन्हा कौल लावणार आहेत. हो म्हणाला तर येतो."

"आजच आणा, उद्यावर टाकू नका, असं नर्सनं फोनवर सांगितलंय."

"नर्सला कुठं पिसं आहेत?"

"पिसं तुला लागलंय, गाढवा."

माणसं काही भोळी नव्हती. दर वसंतात कुरणात रबरी मादी मांडायची, तिच्यावर भाळून आलेल्या नराला टिपायचं आणि रात्री त्याच्या अकलेवर पोट धरून हसायचं, हा पाईन लिकचा पिढीजात उद्योग. नकली पक्ष्याला भुलतो तो मूर्ख, हे इथलं शेंबडं पोरही जाणे. फक्त तो मूर्ख टर्कीच असतो, अशी सगळ्यांची समजूत होती.

वर्नाच्या नजरेतून तीन गोष्टी सुटल्या नव्हत्या. तीस पावलांच्या आत कुणी यायचं नाही, हा ब्रदरचा नियम. ब्रदरचा उजवा हात कायम खिशात. आणि पक्षी हलायच्या आधी ब्रदर सगळ्यांना जोरजोरात टाळ्या वाजवायला लावत. मेलेल्या पक्ष्याला एवढ्या गोंगाटाची गरज काय?

"हालेलुया!" ब्रदर गरजले. डोंगरावरून खऱ्या नराची गुडगुड आली.

"ऐकलंत? रानही साक्ष देतंय!"

एप्रिलच्या विणीच्या हंगामात गाडीचं दार आपटलं तरी नर गुडगुडतो. गाडीच्या दारात मात्र अजून कुणाला देव दिसला नव्हता.

"टाळ्या वाजवा!" ब्रदर ओरडले. "हे दिव्य पक्ष्या, एल्डन हॉब्सनं सुई टोचून घ्यावी का?"

वर्नानं खिशातून डबी काढली आणि झाकण तीनदा घासलं.

गुडगुड आली. या वेळी कुंपणापलीकडून.

आणि पाईन लिकनं जन्मभराच्या सवयीनं तेच केलं, जे नर जवळ आल्यावर पाईन लिक करतं. दीडशे माणसं जागच्या जागी दगड झाली. टाळ्या थांबल्या. कुणी पापणी हलवेना.

ब्रदर शहरातले. त्यांना हा रिवाज ठाऊक नव्हता. खिशातल्या बोटानं बटण मात्र आधीच दाबलं होतं.

घर्रर्रर्र.

त्या शांततेत तो आवाज शेवटच्या पिकअपपर्यंत गेला. पिसारा उघडायला लागला. ब्रदरनी घाईनं दुसरं बटण दाबलं, मग पुन्हा पहिलं. दिव्य पक्षी कधी पाठ फिरवी, कधी पिसारा फुलवी. बोलावणाऱ्या मादीसमोर दुसऱ्या नरानं असं मिरवणं कुठला टर्की खपवून घेईल? जिवंत नर झुडपातून सुटला तो थेट बुंध्यावर. पंखांचे तडाखे, नख्यांचे ओरखडे! निरोप्याची मान एकीकडे, पेंढा दुसरीकडे. शेवटी पक्षी उलथून पडला आणि बुंध्याची पोकळी उघडी पडली.

"सैतानानं पाठवलाय त्याला!" ब्रदर किंचाळले.

"नाही हो, मी बोलावलाय," वर्ना उठत म्हणाली. "या डबीनं."

नर पळाला. लोकांनी तीस पावलं पहिल्यांदाच ओलांडली. पोकळीत बॅटरी होती, रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीचं यंत्र होतं आणि पिसाऱ्याला बांधलेल्या तारेशी जोडलेली एक मोटर होती. एल्डन धापा टाकत वाकला. तो गावातला मेकॅनिक.

"ही तर गाडीची काच पुसायची मोटर. माझ्याच गॅरेजातून नेली यांनी. पंख्याला लावतो म्हणाले."

"पिसाऱ्याचा पंखाच नाही का हलवला? अगदीच खोटं बोलले नाहीत," वर्ना म्हणाली.

मग तिनं ब्रदरपुढे हात पसरला. दीडशे शिकारी बघत होते. ब्रदरनी खिशातला रिमोट काढून दिला आणि तिनं तो भावाच्या हातात ठेवला.

"विचार, इन्सुलिन घेऊ का."

एल्डननं एक बटण दाबलं. नागडी तार वर उठली. दुसरं दाबलं. पक्षी जिच्यावर उभा असे, ती बुंध्यावरची चकती फिरली.

"हवा तो कौल लाव," वर्ना म्हणाली. "पण लावणारा कोण, ते बघून घे."

एल्डननं रिमोट गवतात टाकला. "ताई, गाडी काढ. मला उभं राहवत नाहीये."

दवाखान्याच्या वाटेवर त्यानं खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "टर्कीपेक्षा मूर्ख ठरलो ना मी?"

"टर्कीला माफ आहे," वर्ना म्हणाली. "समोरचं उघडून बघायला त्याला हात नाहीत. आपल्याला आहेत. ते नुसते टाळ्या वाजवायला दिलेले नाहीत."