मागच्या सीटवरून

ह्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्यात आधी मला कळलं, आणि पुढची सहा वर्षं ते फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं.

हे गाड्या दुरुस्त करत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. चाकांच्या आवाजात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गिऱ्हाईक गाडी घेऊन यायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, कुठूनतरी घोंघों येतंय." हे गाडी उघडायचे नाहीत. आधी स्वतः चालवायला बसायचे, खिडक्या खाली करायचे आणि मोठ्या रस्त्याला लागायचे. वेगाबरोबर टकटक वाढली की टायरमध्ये खडा. वळताना कटकट झाली की सांधा गेला. घोंघों मात्र बेअरिंगची, आणि ती कोणत्या चाकाची ते ओळखणं अवघड. मग हे गाडी डावी-उजवी डोलवायचे. उजवीकडे वळलं की सगळा भार डाव्या चाकावर पडतो, त्यामुळे उजव्या वळणावर आवाज वाढला तर दुखणं डाव्या चाकाचं.

ऐकू येईनासं झालं तेव्हा ह्यांचं वय पन्नासही नव्हतं. दवाखान्यात दाखवू म्हटलं तर अंगावर आले. "कानात यंत्र घालून बसलेल्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणेल?" त्यात चूक काय होतं? म्हणून मी गाडीत मागे बसायला लागले. ह्यांच्या बरोबर पाठीमागे. हे गाडी डोलवायचे आणि ज्या वळणावर आवाज वाढेल, त्या बाजूच्या खांद्याला मी बोट टेकवायचे. उलटा हिशोब हे करायचे. उजव्या खांद्याला बोट, म्हणजे डावं चाक.

लोक थट्टा करत. "मिस्त्री, बायकोला फिरवून आणायला आमचं पेट्रोल बरं सापडतं तुम्हाला!" हे हसत. मीही पदर तोंडाला लावून हसायचे. खरं सांगते, ते दिवस मला आवडत. घरात आम्ही फार बोलत नव्हतो. गाडीत माझं बोट बोलायचं आणि ह्यांचा खांदा ऐकायचा.

आमच्याच गल्लीत एक नर्सताई राहायच्या. एकट्या, खणखणीत आवाजाच्या. दूरच्या आरोग्य केंद्रांवर त्यांची ड्यूटी असे आणि वाटेत एक लांबच लांब उतार होता. माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी ड्यूटीवरून पहाटे तीन मैल चालत आल्या होत्या. त्यांच्या जुन्या करड्या गाडीत घोंघों सुरू झाली.

नर्सताई पुढे ह्यांच्या शेजारी बसल्या, मी मागे. आवाज स्पष्ट होता. उजवं वळण आलं की कुणीतरी घशातून गुरगुरावं तसा वाढायचा. आणि इथे माझी चूक झाली. सहा वर्षांत माझाही उलटा हिशोब पक्का झाला होता. डावं चाक गेलंय हे मला आधीच कळलं आणि त्या कळल्याच्या आनंदात मी ह्यांच्या डाव्या खांद्याला बोट टेकवलं. ह्यांनी सवयीने आपला हिशोब केला. एकाच भाजीत दोघींनी मीठ घालावं, तसं झालं.

ह्यांनी उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं.

दुरुस्तीनंतर पुन्हा चक्कर मारायची पद्धत होती. हे मला हाक मारणार, एवढ्यात नर्सताई म्हणाल्या, "दर वेळी वहिनी कशाला हो? की माझ्याबरोबर एकटं यायला घाबरता?" गॅरेजमधले दोघे-तिघे फिदीफिदी हसले. हे कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "चला," म्हणाले आणि मला न घेताच त्यांच्याबरोबर गेले.

परत आले तेव्हा मी दारात होते. "गेला आवाज?" मी विचारलं.

"गेला," हे म्हणाले.

नर्सताई म्हणाल्या, "मिस्त्री म्हणतात म्हणजे गेलाच."

दिवेलागणीला हे काढलेलं बेअरिंग रॉकेलमध्ये धूत बसले होते. धुऊन झाल्यावर बोटावर घालून फिरवलं. पुन्हा फिरवलं. कान गेले होते, पण बोटं शाबूत होती. लोण्यासारखं फिरत होतं ते. कुठे खरखर नाही, अडणं नाही.

"अगं, इकडे ये," ह्यांनी हाक मारली. "कोणत्या खांद्याला बोट लावलंस?"

"डाव्या."

"आवाज कुठल्या वळणाला वाढला?"

"उजव्या," मी सांगितलं आणि सांगतानाच माझी चूक माझ्या लक्षात आली.

ह्यांनी बेअरिंग पुसून खाली ठेवलं. मी म्हटलं, "अहो, आत्ताच जाऊन सांगा. चार घरं सोडून तर राहतात."

"काय सांगू? मिस्त्री बहिरा आहे म्हणून? बायकोच्या बोटावर धंदा करतो म्हणून?"

"मग म्हणा, दुसरं चाकही बघायचं राहिलं."

"आजच म्हणालो ना, आवाज गेला! रात्री कुठे जाणार आहेत त्या? आठला निघतात. सातला जातो, चहाच्या आधी. काहीतरी सांगतो."

मला माहीत होतं की नर्सताई कधीकधी पहाटेच निघतात. ते मला माहीत होतं, आणि मी उठून भांडी घासायला गेले. चार घरं चालून जायला माझेही पाय होते. पण ह्यांची झाकली मूठ सहा वर्षं मीच जपली होती. ती मला उघडवेना.

सातला हे गेले तेव्हा दाराला कुलूप होतं.

त्या उतारावर डावं चाक जाम झालं आणि गाडी दगडी कठड्यावर आदळली. नर्सताई जगल्या. डावा पाय मांडीपासून चुरला होता. तीन ऑपरेशनं झाली तरी तो दोन बोटं आखूड राहिला आणि बाहेरगावची ड्यूटी कायमची सुटली.

आम्ही दवाखान्यात गेलो. हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि कमी ऐकणाऱ्याचं होतं तसं फार मोठ्यांदा बोलले. "ताई, मला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. चुकीचं चाक उघडलं मी." सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बोटाचं काही ह्यांनी सांगितलं नाही. सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

नर्सताईंचा तो खणखणीत आवाज उरलाच नव्हता. त्या पुटपुटल्या, "आवाज येत होता हो वाटेत. पण मिस्त्री म्हणाले गेला. मला वाटलं, माझेच कान वाजतायत."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, व्हायचं ते होऊन गेलं."

हे पुढे चालू लागले. विश्वास बसला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

गॅरेज बंद केलं. हे पुढे अकरा वर्षं जगले. संध्याकाळी उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून घराकडे तोंड करून बसायचे, रस्त्याकडे पाठ. नर्सताई जवळच्या दवाखान्यातून पायी परतायच्या. आधी काठी, मग धड पाय, मग आखूड पाय ओढल्याचा आवाज. गल्लीच्या तोंडापासून मला तो ऐकू यायचा आणि आमच्या दारासमोर थोडा मंदावायचा.

ह्यांना तो ऐकू यायचा नाही. मी खुर्चीच्या मागेच, ओट्यावर उभी असायचे, तांदूळ निवडत नाहीतर कपड्यांच्या घड्या घालत. खांदा हाताच्या अंतरावर असायचा.

मी बोट टेकवलं नाही.