बारागाड्यांतली बारावी

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे. सावद्याच्या शिवारात निंबा नानांच्या खळ्यात, कडुनिंबाखाली, एका चाकावर कलंडून पडले आहे. गोड बोलायचं माझं वय गेलं. कडू लागलं तर लागू द्या.

तोताराम सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. नाना माझ्यात केळीची वाळकी पानं अंथरून घड रचायचे आणि स्टेशनावर न्यायचे. पुढे रेल्वे ते थेट दिल्लीला पोचवायची. माझे बैल कडबा खायचे. माझ्यामागे उडाली ती फक्त धूळ. मग ट्रक बांधावर येऊ लागले आणि बैल विकले गेले. नानांचा मुलगा जितेंद्र आता पानटपरीवरही टेम्पो घेऊन जातो. टपरी हाकेच्या अंतरावर आहे!

तरी वर्षातून एकदा मला मान होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास देवीच्या जत्रेत बारा गाड्या एकामागे एक बांधतात आणि भगत त्या एकटा ओढतो. गावात आता बाराच उरल्या, त्यांतली मी एक. दरवर्षी ऊन वाढतंय, म्हणून यंदा जितेंद्रने देवीला साकडं घातलं होतं, माझी केळी करपू देऊ नको.

जत्रेच्या दिवशी त्याने मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं.

"गाडीले गाडीवर कायले चढवून राह्यला रे? चार मानसं ढकलत नेतीन," त्याची आई सुमनबाई म्हणाली.

"आई, येवढा टाइम कोनाले हाये?"

उतरवताना मी घसरले आणि माझ्या चाकाचे आरे मोडले. अकरा गाड्यांवर कसं भागणार? माझ्या जागी जितेंद्रने टेम्पो बांधला, सगळ्यांत शेवटी. भगताला जोर कमी लागावा म्हणून इंजिनही हळूच चालू ठेवून मागून रेटा दिला. गाड्या भराभर पळाल्या. लोक ओरडले, "देवी पावली!" ऊन कमी कर म्हणून देवीला विनवायचं, तेही धूर ओकत! माझा जीव जळला, मित्रांनो.

पुढच्याच आठवड्यात बाग करपली. जितेंद्र म्हणतो, "देवी कोपली." नाना माझ्या मोडक्या चाकाला टेकून बसतात.

मला पुन्हा जुंपा असं मी म्हणत नाही. जुंपायला बैल कुठे आहेत? पण मुलांनो, हाकेच्या अंतरावर तरी पायी जा. एका टेम्पोने ऊन वाढत नाही, खरं आहे. पण प्रत्येक जण आपल्या टेम्पोबद्दल हेच म्हणतो.

येत्या होळीत माझी लाकडं जातील. माझ्यातून निघालेला तो पहिला आणि शेवटचा धूर असेल.