शिंप्याचं ‘हं’

मी एक जुना पोलादी दांडा आहे. मित्रांनो, माझ्यावर कोणी निबंध लिहायला घेत नाही, आणि घ्यावा असं माझं रूपही नाही. हातभर लांबी आणि एका टोकाला चौकोनी खुंटी. खुंटीवर गोटी, म्हणजे बोल्टच्या मापाची पोकळ टोपी, बसवायची, गोटी बोल्टच्या डोक्यावर चढवायची आणि मला धरून जोर लावायचा, एवढंच माझं काम.

माझी उमेदीची वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेली. माणूस तापट, पण रोज संध्याकाळी मला फडक्याने पुसल्याशिवाय घरी जात नसत. “हा कधी दगा द्यायचा नाही,” असं गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जायचो. त्यांची लेक शाळेतून आली की तिथेच बसायची आणि बघता बघता सगळं शिकली.

काही बोल्ट माणसाच्या जोराला भीक घालत नाहीत. इंजिनाच्या क्रँकवरचा, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्यावरचा, बोल्ट त्यातलाच एक. मग मिस्त्री मला त्या बोल्टवर चढवत, माझं दुसरं टोक चाकाजवळच्या लोखंडी पट्टीला टेकवत आणि लेकीला गाडीत बसवून सेल्फ मारायला सांगत. इंजिन हिसका देई, मी पट्टीला अडून राही आणि बोल्ट सुटे. पण त्याआधी एक नियम होता. खाली चाकाजवळ बसलेल्याने दोन्ही हात वर करून दाखवायचे आणि “मार” म्हणायचं. “हात दिसल्याशिवाय किल्लीला शिवायचं नाही. मी असलो तरी!” असं ते दर वेळी बजावत.

मिस्त्री गेले आणि मी लेकीबरोबर तिच्या सासरी आलो. तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, मागे शिलाई मशीन. त्याची कात्री कापडावर अशी चालायची की खडूची रेघ मधोमध दुभंगायची. मला लोखंडाचं कळतं, कापडाचं नाही; पण हात कळतात, आणि तो हात हुशार होता.

शिंप्याच्या ओठांत सदानकदा टाचण्या असायच्या, म्हणून तो बोलायचा एकच शब्द: हं. जेवायला वाढू का? हं. पाहुणे आलेत. हं. उद्या जायचं ना? हं. बायको शेजारणींना हसून सांगायची, “यांचं हो म्हणायचं ‘हं’ वेगळं, नको म्हणायचं वेगळं आणि थांब म्हणायचं वेगळं. मला झोपेतसुद्धा कळतं.” आणि खरंच, तिचं कधी चुकलं नव्हतं.

त्यांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचा पट्टा बदलायचा होता, आणि त्यासाठी तोच क्रँकवरचा बोल्ट काढणं भाग होतं. दोन गॅरेजवाल्यांनी बोल्ट गंजलाय म्हणून हात वर केले. तेव्हा तिला माझी आठवण झाली. एका रविवारी दुपारी मी अंगणात पुन्हा उन्हात आलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता.

“खाली मी जाते,” ती म्हणाली.

“छे! तू किल्ली बघ. दांडा टेकवायला कसली आलीय विद्या?” त्या दिवशी ओठांत टाचण्या नव्हत्या, म्हणून शिंपी पुरतं बोलला.

तिने प्लगच्या वायरी काढल्या, म्हणजे इंजिन नुसता हिसका देईल, सुरू होणार नाही. मग त्याला नियम सांगितला. पहिल्या खेपेला त्याने हात दाखवले, “मार” म्हणाला. तिने सेल्फ मारला, पण मी पट्टीवरून घसरलो. दुसऱ्या खेपेलाही हात दाखवले, पुन्हा तेच. मग त्याने माझ्या आणि पट्टीच्या मधे लाकडाचा ठोकळा लावायचं ठरवलं. इंजिनाखालच्या झाकणाची खिट्टी सैल होऊन लोंबत होती. ती त्याने सवयीने काढली आणि ओठांत धरली.

ठोकळा वाकडा बसला होता. तो सरळ करायला त्याने उजवा हात मधे घातला.

“अहो, मारू का?” ती आतून म्हणाली.

“हं.”

ते थांब म्हणायचं ‘हं’ होतं. मी जवळ होतो, मला कळलं. बॉनेटपलीकडे तिला ते हो म्हणायचं ऐकू आलं.

मित्रांनो, इंजिनाने हिसका दिला की मला थांबता येत नाही. मी आपटलो. त्याच क्षणी कडकन आवाज झाला आणि तो हट्टी बोल्ट सुटला.

“सुटला बघा!” ती आनंदाने ओरडली.

खालून उत्तर आलं, पण तो शब्द नव्हता.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची, कात्री पेलणारी. इस्पितळातून आल्यावर तो म्हणाला, “‘हं’ मी म्हटलं होतं. तुझा काय दोष?”

“मला बाबांनी शिकवलं होतं,” ती म्हणाली.

तिने मला टेबलामागे टाकून दिलं. तिथून मला सगळं दिसतं. आता कापड ती कापते. तो डाव्या हाताने खडूच्या रेघा मारून देतो. त्या वाकड्या येतात. तो आत गेला की ती त्या हळूच पुसते आणि नव्याने मारते. त्याला हे ठाऊक आहे, असं मला वाटतं.

माझ्या अंगावर गंज चढतोय. मला पुसा, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. गंजू द्या मला. पण मित्रांनो, कोणाचा हात धोक्यात असेल तेव्हा हात डोळ्यांनी बघा आणि पुरता शब्द ऐका. माणूस कितीही जवळचा असला तरी.

काल तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तो दारात उभा राहून म्हणाला, “चहा ठेवू का?” तिने कात्री खाली ठेवली. एकेक करून सगळ्या टाचण्या काढल्या, डबीत टाकल्या, त्याच्याकडे वळली आणि मग म्हणाली, “ठेवा.”