नजर नाकावर

अकोल्यात कान तपासणारे चार जण असतील, पण चक्कर तपासावी तर लुबनानंच, असं लोक म्हणायचे. ती यंत्र नंतर लावायची, आधी माणसाचे डोळे बघायची. समोर स्टुलावर बसवायचं, दोन्ही हातांत डोकं धरायचं, म्हणायचं, "माझ्या नाकाकडे बघत राहा," आणि एकदम मान झटकायची. कानातला तोल शाबूत असला की मान कुठेही जावो, डोळे नाकावरच राहतात. तोल गेला असला की डोळे मानेबरोबर जातात आणि मग धडपडत परत येतात. पंधरा वर्षांचा पोरगा असो की साठीचा म्हातारा, तिथे सोंग चालत नाही. निदान लुबनाची तशी समजूत होती.

ती समजूत मोडली दर्यापूरकडच्या सिंधूनं.

त्या साली सोयाबीन हातचं गेलं होतं, कपाशीचंही काही खरं नव्हतं, आणि अशात सिंधूला एस.टी.त कंडक्टरची नोकरी लागली. गावातली पहिलीच बाई! पेढे वाटून झाले. आणि ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी घंटीची दोरी ओढायला तिनं वर पाहिलं, तर अख्खी बस गरगर फिरली. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी मान झटकून पाहिली आणि लिहून टाकलं, दोन्ही कानांचा तोल गेला आहे, फवारणीच्या विषाचा परिणाम असावा, नोकरीस अपात्र. त्या वर्षांत असंच चाललं होतं बघा. वऱ्हाडात कुणी शिंकलं तरी बोट फवारणीकडे! पंधरा दिवसांत फेरतपासणी झाली नाही तर नाव कटणार होतं, आणि आज बारावा दिवस होता.

सिंधूबरोबर तिचे सासरे आले होते, उत्तमराव. पांढरी टोपी, गालात तंबाखूचा खर्रा. ते लुबनाच्या पाठीमागच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

लुबनानं मान झटकली. डोळे सुटले. पुन्हा झटकली, पुन्हा सुटले. म्हणजे डॉक्टर बरोबर होते म्हणायचं!

"म्याडम, खरं सांगा," सिंधू हळूच म्हणाली. "थे नोकरी गेली तं आमी काय करावं?"

लुबनानं कागद पुढे ओढला, पेन उघडलं. तेवढ्यात उत्तमराव खर्रा थुंकायला बाहेर गेले. मन मानेना, म्हणून लुबनानं शेवटचं एकदा सिंधूचं डोकं धरलं आणि झटकलं. डोळे जागचे हलले नाहीत. डावीकडे झटकलं, तरी नजर नाकावर खिळा ठोकल्यासारखी.

"या अल्ला!" लुबना म्हणाली.

उत्तमराव येऊन बसले. लुबनानं झटकली मान. सुटले की डोळे!

"सिंधूताई, तू माझ्या नाकाकडे बघून राहिली ना?"

सिंधूनं पदर पुढे ओढला. "तुमच्या मागं मामाजी बसले हायेत ना, म्याडम. मान हलली का थे दिसते, नजर वर कशी ठेवू? चार वर्सं झाले लग्नाले, म्या त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं नाई."

"आणि अमरावतीचे डॉक्टर?"

"थे बी मामाजीच्याच वयाचे. पांढऱ्या मिशीचे."

लुबनानं कपाळावर हात मारून घेतला. राग आला तो त्या डॉक्टरांचा नाही, स्वतःचा. त्यांना काय बोल लावायचा? तिनंही तर पेन उघडलंच होतं!

"काका, तुम्ही बाहेर बसा."

"काहून? मी का परका हाय?"

"परके नाही, म्हणूनच."

उत्तमराव पुटपुटत गेले. मग लुबनानं नीट विचारलं. चक्कर वर पाहिलं की यायची, झोपेत कूस बदलली की यायची. दिवाळीच्या आधी सिंधू बैलबंडीवरून पडली होती, डोक्याला टेंगूळ आलं होतं. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. लुबनानं तिला झपकन आडवं केलं, डोकं उजवीकडे वळवून गादीच्या कडेखाली सोडलं. चार-पाच सेकंदांत सिंधूची बुबुळं गरगर उड्या मारायला लागली.

"सापडलं!" लुबना ओरडलीच. कानातले बारीक खडे धक्क्यानं सुटून भलत्याच नळीत शिरले होते, एवढंच! तिनं डोकं हळूहळू डावीकडे नेलं, सिंधूला कुशीवर घेतलं, थांबली, उठवून बसवलं. खडे घरी गेले.

"आता वर पाहा."

लोडशेडिंग होतं, पंखा बंद होता. किती दिवसांनी तो सिंधूला बंद दिसला! ती हसता हसता रडायला लागली, आणि लुबनाचेही डोळे भरले.

पण अमरावतीच्या डॉक्टरांसमोर नजर पुन्हा खाली गेली तर? दुसऱ्या दिवशी लुबना दवाखाना बंद करून सोबत निघाली. बसमध्ये तिनं उत्तमरावांना सगळं सांगितलं, काही न लपवता. ते मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत खर्रा चघळत राहिले.

आणि झालंही तसंच. पांढऱ्या मिशा समोर आल्या, सिंधूची मान वाकली. डॉक्टरांनी लुबनाकडे पाहून ओठ मुडपले.

तेवढ्यात दारातून उत्तमरावांचा आवाज आला. "सिंधू! वर पाह्य! त्यायच्या नाकाकडं पाह्य. मी सांगून राहिलो तुले!"

बाहेरच्या रांगेतल्या माना दाराकडे वळल्या. सिंधूनं पदर मागे सारला आणि नजर वर केली. डॉक्टरांनी सहा वेळा मान झटकली. सहाही वेळा डोळे नाकावर. गादीवर आडवं करून पाहिलं, तिथेही काही नाही. "अपात्र" हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला, आणि लुबनाला म्हणाले, "बाई, हे मला सुचायला हवं होतं."

पुढे दोन-तीन महिन्यांनी लुबना दर्यापूरच्या बसमध्ये चढली, तर समोर खाकी कपड्यातली सिंधू! आणि पहिल्याच सीटवर उत्तमराव. काम नसताना बसनं फिरायची सवय लागली होती म्हाताऱ्याला.

"तिकीट, मामाजी," सिंधू थेट त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली.

उत्तमरावांनी नोट काढली आणि शेजारच्याला कोपर मारलं. "सून हाय माही!"

सिंधूनं वर पाहिलं आणि दोरी ओढली.