चाळीस माशांचे तळे

मित्रांनो, मी एक जुना पट आहे, पण सोंगट्यांचा नव्हे. माझ्या मधोमध परातीएवढा एक खोलगट खड्डा आहे, त्याला निळा रंग दिला आहे, आणि त्या निळ्या तळ्यात चाळीस चिंचोके राहतात. ते माझे मासे. तळ्याच्या चार बाजूंना चार गावे रंगवलेली आहेत: लाल, पिवळे, हिरवे आणि पांढरे. माझ्यावर खेळून बडोद्यातली कितीतरी मुले विज्ञान शिकली. आणखीही काही शिकली, पण ते नेमके काय, हे एका शब्दात मला सांगता येत नाही. म्हणून घडले तसेच सांगतो.

खेळ होण्याआधी मी नकाशे काढायची फळी होतो. कारेलीबागेत राहणारे पद्माकर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ते निवृत्त झाले आणि मी त्यांच्या पलंगामागे उभा राहिलो. त्यांची सून मृदुला आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवत असे. शाळेत सगळे तिला गुजराती रीतीप्रमाणे बेन, म्हणजे बाई, म्हणत. एके दिवशी ती घरी आली ती वैतागूनच.

"बाबा, परिसंस्था म्हणजे काय हे मुलं घडाघडा म्हणून दाखवतात," ती म्हणाली, "पण तळ्यातले सगळे मासे काढले तर काय होईल विचारलं, तर म्हणतात, बाजारातून आणू."

पद्माकर हसले. मग त्यांनी मला पलंगामागून ओढून काढले. चार दिवस माझ्या अंगावर लाकूड कोरायची पटाशी चालली. मला दुखले नाही असे म्हणणार नाही. पण पाचव्या दिवशी निळा रंग वाळला, मृदुलाबेननी स्वयंपाकघरातून चिंचोके आणून माझ्यात ओतले, आणि त्यांचा खुळखुळाट ऐकून मला वाटले, सरळ रेघा तर आयुष्यभर सोसल्या, आता हे काहीतरी वेगळे आहे.

खेळ सोपा होता. वर्गाचे चार गट, म्हणजे चार गावे. दर फेरीला एक वर्ष. या वर्षी आपल्या गावाला किती मासे हवेत, ते प्रत्येक गट चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकी. बेन चिठ्ठ्या पाहून तेवढे मासे तळ्यातून काढत, पण कोणी किती लिहिले ते सांगत नसत. उरलेले मासे पुढच्या वर्षी दुप्पट होत. मात्र चाळीसच्या वर कधीच नाही, कारण तळ्याच्या पाण्यातली हवा आणि शेवाळ तेवढ्यांनाच पुरते. दहा वर्षे तळे टिकले तर सगळे जिंकले. ज्या गावाकडे जास्त मासे, त्याला शाबासकी वेगळी.

पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या निघाल्या: आठ, नऊ, दहा आणि बारा. बेननी एकोणचाळीस मासे उचलले. तळ्यात एक चिंचोका उरला.

"दुप्पट करा ने, बेन," मागच्या बाकावरून कोणीतरी गुजराती वळणाने म्हणाले.

"एकट्या माशाला पिल्लं कशी होतील?" बेननी विचारले.

वर्ग आधी हसला. मग कोणी हिशोब घातला की प्रत्येक गावाने पाचच घेतले असते, तर वीस उरले असते, त्यांचे चाळीस झाले असते, आणि हे तळे कधीच संपले नसते. ते उत्तर फळ्यावर लिहून दिले असते तर मुलांनी वहीत उतरवून घेतले असते, इतकेच. पण तळे त्यांनी स्वतः रिकामे केले होते. घंटा झाली तरी कोणी उठेना.

त्या वर्गात संयोगिता होती. घरात दोन पिढ्या फौजेत, त्यामुळे बोलणे ताठ आणि हार तिला सहन होत नसे. आनंद तिच्या शेजारच्या बाकावर बसे. त्याला सगळे जपून ठेवायची सवय. खेळ संपला की बेनकडून चिठ्ठ्या मागून घेऊन तो एका जाड वहीत चिकटवी. या दोघांनी ठरवले की खेळ चाळीस वेळा खेळायचा: वीस वेळा गावांनी आपसात न बोलता, आणि वीस वेळा आधी बोलून, पाच-पाचचा शब्द देऊन. बोलल्याने तळे वाचते का, ते पाहायचे.

मृदुलाबेनची खुशी लपत नव्हती. शनिवारचा शेवटचा तास माझा झाला. मधल्या सुट्टीतही मला बाहेर काढत. माझ्या कडा हातांच्या घामाने गुळगुळीत झाल्या.

जानेवारीत शाळेच्या आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापक पीयूषसरांनी, बेनना बोलावले. ते वाईट माणूस नव्हते. टेबलावर पालकांची पत्रे ठेवून ते म्हणाले, "बेन, लोक विचारतात, शनिवारी मुलं चिंचोके खेळतात, मग सराव परीक्षा कधी? मी काय सांगू? विज्ञान प्रदर्शनात नंबर आणा, मग हा तास बंद करा असं कोणी म्हणणार नाही. नाहीतर मला तो सरावाला द्यावा लागेल."

ही गोष्ट वर्गात पोहोचली. प्रदर्शन पंधरा दिवसांवर होते.

चाळीस खेळ पुरे झाले. न बोलता खेळलेल्या विसांपैकी अठरा वेळा तळे रिकामे झाले. बोलून खेळलेल्या विसांपैकी नऊ वेळा. तक्ता रंगवायचे काम संयोगिताचे होते. तिने अठराचा उंच लाल खांब काढला. त्याच्या शेजारी नऊचा काढायला घेतला, थोडा वेळ पाहत राहिली, आणि दोनचा काढला. मी तिथेच टेबलावर होतो. नऊही वेळा माझेच तळे रिकामे झाले होते, मला कोण फसवणार? पण मित्रांनो, खरे सांगायचे तर मला तो छोटा खांब आवडला. अठरा आणि दोन. किती ठसठशीत! बक्षीस मिळणार, तास राहणार, मी राहणार. मला बोलता येत असते तरी त्या क्षणी मी बोललो असतो का, हे मला अजून ठाऊक नाही.

प्रदर्शन सयाजीगंजात, एका मोठ्या हॉलमध्ये होते. टेबलावर मला मांडून झाले आणि आनंदची नजर तक्त्यावर गेली.

"नऊ होते," तो हळूच म्हणाला. "तू दोन का काढलेस?"

"नऊ म्हणजे जवळजवळ निम्मे. काय दाखवणार? बोलून काही उपयोग नाही म्हणून?"

"पण नऊ होते."

"तास बंद होणार आहे, आनंद! तुला पाहिजे का ते?"

आनंदने वही दप्तरात घातली आणि दप्तर टेबलाखाली सरकवले.

परीक्षक होते उदयसिंहराव, निवृत्त प्राध्यापक, हातात काठी, आवाज मऊ. त्यांनी एक चिंचोका उचलून पाहिला, खेळ समजून घेतला, खेळातली दोन वर्षे स्वतः खेळले आणि लाल गावाच्या वतीने आठ मासे मागून मनापासून हसले. मग तक्त्यापाशी थांबले.

"दोनच? मला वाटलं होतं जास्त असतील. नोंदींची वही आहे?"

आनंद खाली पाहू लागला. बेन टेबलाशेजारीच उभ्या होत्या.

"घरी राहिली, सर," संयोगिता म्हणाली.

"असू दे. छान काम आहे." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि काठी टेकत पुढच्या टेबलाकडे गेले.

संयोगिता पाणी प्यायली. मग ती बेनकडे वळली. शाळेतली गुजराती सोडून, घरात बोलतात तशा मराठीत तिने विचारले, "बेन, वही दप्तरात आहे, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि नऊचं?"

"काल संध्याकाळी वही चाळली, तेव्हा कळलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कारण मलाही तो तास हवा होता," बेन म्हणाल्या. "रात्रभर मी स्वतःला सांगत होते की सकाळी बोलेन. सकाळी सांगत होते की तिथे गेल्यावर बोलेन. आत्ता ते विचारत होते, तेव्हाही मी नुसती उभी राहिले. तू तेरा वर्षांची आहेस, संयोगिता. मी सत्तेचाळीस. माझी चूक मोठी आहे."

संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते रागाचे की कशाचे, मला कळले नाही. ती टेबलाखाली वाकली, आनंदचे दप्तर ओढले आणि वही काढली.

"चला," बेन म्हणाल्या. आणि तिघेही त्या गर्दीतून काठीच्या दिशेने गेले.

दहा मिनिटांनी उदयसिंहराव परत माझ्यापाशी आले. वही त्यांच्या हातात होती.

"बक्षिसाच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही येऊन सांगितलंत, त्याचं मला फार कौतुक वाटलं, पण नियम तो नियम. आता मला एक सांगा. शब्द देऊनही नऊ वेळा तळं गेलं. का गेलं?"

तिघांपैकी कोणालाच ते माहीत नव्हते. नऊ लपवायच्या नादात नऊ का, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

शनिवारचा तास गेला. पीयूषसरांनी शब्द पाळला, आणि त्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. मला प्रयोगशाळेच्या कपाटात, मोडक्या तिवयांच्या वर ठेवण्यात आले. महिनाभर मी अंधारात होतो आणि खरे सांगतो, मला त्या दोन मुलांचा राग येत होता. दोनच म्हणत राहिला असतात तर काय बिघडले असते?

मग बेन मला घरी घेऊन आल्या. रविवारी सकाळी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये, म्हणजे सामाईक मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली, सतरंजीवर मला मांडले. संयोगिता आणि आनंद सायकलवरून आले, मागून वर्गातली आणखी दहा-बारा मुले. पद्माकर खुर्ची टाकून बसले. सगळ्यांनी मिळून वहीतल्या त्या नऊ खेळांच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या.

"हे पाहा," आनंद म्हणाला. "पाच, पाच, पाच, आणि हिरव्याचे सात."

"दोनच जास्त," संयोगिता म्हणाली. "एवढ्याने तळं नाही जात. अठरा उरले, छत्तीस झाले."

"पण चाळीस नाही झाले. म्हणजे कोणीतरी शब्द मोडला, हे सगळ्यांना कळलं. कोणी, ते नाही कळलं. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्या बघ."

सात, सात, आठ, आठ.

नऊच्या नऊ खेळांत हेच होते. चोरी दोन माशांची, कधी एकाच माशाची. तळे त्या चोरीने रिकामे झाले नव्हते. कोणी चोरले हे न कळल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय आला, आणि संशयाने उरलेले सगळे मासे खाल्ले. शब्द मोडण्यात चारही गावे कधी ना कधी होती.

"मग चिठ्ठ्या उघड वाचल्या तर?" पद्माकरांनी विचारले.

पुढचे कितीतरी रविवार त्यात गेले. बोलून, आणि चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचून, वीस खेळ झाले. तळे एकदाच रिकामे झाले. त्या खेपेला सगळ्यांनी मिळून, राजीखुशीने, जास्त मासे काढले होते. त्यावर काय म्हणावे हे मुलांचे अजून ठरलेले नाही. संयोगिताने नवा तक्ता काढला. त्यात तीन खांब होते: अठरा, नऊ आणि एक. मधला नऊचा खांब तिने सगळ्यांत जपून रंगवला. तो नसता तर तिसरा कोणी शोधलाच नसता. माझा राग कधी गेला, मला कळलेही नाही.

पुढे शाळाच बंद पडल्या. तुम्हाला आठवत असतील ते मास्कचे दिवस. मी माळ्यावर होतो. माझ्या एका कोपऱ्यात ओल शिरली आणि लाकडाचा पापुद्रा सुटला. त्याच काळात पद्माकर गेले. खाली माणसांची हळू बोलणी ऐकू येत होती, आणि मला तळ्याचा काठ घासून पाहणारा त्यांचा अंगठा आठवत होता.

शाळा उघडल्या तेव्हा मुले आली, पण शेजारी बसून एकत्र काही करायची त्यांची सवय गेली होती. लहान गोष्टीवरून भांडणे होत. एके दुपारी पीयूषसर स्वतः स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "बेन, तुमचा तो तळावाचा खेळ आहे का अजून?" ते तळ्याला नेहमी तळावच म्हणतात.

तेव्हापासून मी पुन्हा शनिवारी वर्गात असतो. पापुद्रा फेव्हिकॉलने बसवला आहे. चिठ्ठ्या आता उघड वाचतात. मला वाटत होते, माझ्यात आता नवे काही उरले नाही.

गेल्या महिन्यात मैत्रेयी नावाच्या मुलीने हात वर केला. ती फारशी बोलत नाही. "बेन," तिने विचारले, "चार गावांना चिठ्ठी आहे. माशांना का नाही?"

कोणी हसले नाही. बेन खडू खाली ठेवून म्हणाल्या, "हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही." पुढच्या शनिवारी माझ्याशेजारी पाचवा डबा आला, आणि मैत्रेयी माशांच्या बाजूने बसली. त्या खेळात गावांनी आधीच हात सैल सोडले होते. तिसऱ्या वर्षी तळ्यात बाराच मासे होते. पाच चिठ्ठ्या उघडल्या. चार गावांच्या चिठ्ठ्यांवर आकडे होते. पाचवीवर आकडा नव्हता. तिच्यावर लिहिले होते, "यंदा थांबाल का?"

तीन गावांनी आपल्या चिठ्ठ्या परत मागितल्या. चौथे गाव डोके जुळवून कुजबुजत बसले, ते घंटा होईपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला ओलीपासून जपा, पण कुलपात घालून जपू नका. आमच्या अंगावर हात फिरू देत, आमच्यावर भांडणे होऊ देत. आणि खेळून झाल्यावर जो आकडा येईल, तो तुम्हाला नकोसा असला तरी तसाच लिहून ठेवा. तो कशामुळे आला, हे विचारणारे कोणीतरी तुमच्याच वर्गात बसलेले असेल.